शैलजा शेटे यांची त्रेसष्ट पत्रं

रमाकांत खुपेरकरांचं मत नाही असा एकही विषय कासारवेढ्यात उरला नव्हता. वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली आणि ती जात असताना 'दैनिक सुबोध'च्या 'वाचक लिहितात' ह्या सदरात त्यांची पत्रं येत राहिली. मोबाइलचे मनोरे आणि चिमण्या, दुकानांवरच्या पाट्या, शेजाऱ्याच्या गच्चीवरचा कॅमेरा आणि आपला खासगीपणाचा हक्क, चंद्रावरच्या विवरांना मराठी नावं का नाहीत, हे सगळं त्यांनी आधी पोस्टकार्डांवर आणि पुढे ईमेलवर निकालात काढलं होतं. प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला असे : 'संबंधितांनी ह्याची नोंद घ्यावी.' संबंधितांनी आजवर कशाचीही नोंद घेतली नव्हती, पण 'सुबोध'ने घेतली होती. येत्या रविवारी त्यांना 'पत्रभूषण' म्हणून गौरवण्यात येणार होतं. शाल कोणत्या रंगाची असावी ह्याबद्दलही त्यांनी संपादकांना एक पत्र धाडलं होतं.

त्यांच्या पत्नी शैलजाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी नगरपरिषदेच्या जुन्या पंपघरात मुलांसाठी प्रयोगघर थाटलं. रोज दुपारी साडेतीनला चाळीसेक मुलं तिथे जमत, लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून वीज होते का बघत, जास्वंदीच्या पाण्यात सोडा टाकून ते हिरवं करत आणि काय झालं ते मराठीत वहीत उतरवत. तिथला नियम एकच होता. कोणी काही विचारलं की बाई म्हणत, "आधी तुझा अंदाज सांग." चुकला तरी चालेल, पण अंदाज स्वतःचा हवा. तो सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नसे.

बाई 'सुबोध' वाचत, पण शेवटच्या पानावरून सुरुवात करून मधल्या पानापर्यंत येत आणि मग थांबत. 'वाचक लिहितात'चं पान प्रयोगघरात आम्लाच्या बाटल्यांखाली पसरायला जाई. नवऱ्याची मतं त्यांना घरात पुरेशी ऐकायला मिळत होती.

आता मतछायेबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी जनमताचा कायदा आला आणि नगरपरिषदेने कुठलाही निर्णय नागरिकांना विचारल्याखेरीज घ्यायचा नाही असं ठरलं. पहिल्या महिन्यात लोक हरखून गेले. दुसऱ्या महिन्यात रोजचे अठरा प्रश्न फोनवर यायला लागले, आणि गटाराचं झाकण गोल असावं की चौकोनी ह्यावर मत देता देता माणसं वैतागली. तिसऱ्या महिन्यात उत्तरं देणारे गावात अकरा जण उरले, त्यांतले एक अर्थात खुपेरकर. तेव्हा मतछाया आली.

तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपलं प्रत्येक मत आपण स्वतंत्र विचार करून बनवलंय असं माणसाला वाटत असतं. प्रत्यक्षात मतं एकमेकांचा हात धरून चालतात. ज्याला चौकाचौकात कॅमेरे हवे असतात त्याला बहुधा शाळेत कडक गणवेशही हवा असतो, आणि ज्याला दुकानाची पाटी मराठीतच हवी त्याला लग्नाची पत्रिका छापीलच हवी असते, फोनवरची नको. लाखो माणसांची मतं तपासून ही नाती आकड्यांत मांडली गेली होती. तुमची दोनशे मतं कळली की दोनशे एकावं मत मतछाया शंभरात त्र्याण्णव वेळा बरोबर ओळखायची आणि तुमच्या वतीने नोंदवून मोकळी व्हायची. खुपेरकरांना हे लगेच पटलं, कारण कुलूप असलेल्या घरांचं सरासरी बिल त्यांनी आयुष्यभर असंच काढलं होतं.

त्यात दोन बारकावे होते. पहिला असा की छाया बनवण्यासाठी नागरिकाला दोनशे प्रश्नांची मुलाखत द्यावी लागे, पण ज्याची पन्नासाहून जास्त मतं छापून आलेली असतील त्याला मुलाखत माफ होती. छापील मताला बोललेल्या मताच्या दहापट वजन दिलेलं होतं. माणूस बोलताना काहीही बोलतो, छापायला देताना विचार करतो, असा शास्त्रज्ञांचा समज होता. दुसरा बारकावा म्हणजे विश्वासदुवा. ज्या विषयात तुम्हाला मतच नाही त्यात तुम्ही ज्याचं ऐकता त्याचं नाव द्यायचं. तुमची छाया त्याच्या छायेला विचारून मत देणार. विज्ञान आणि शिक्षण ह्या विषयांपुढे कासारवेढ्यातल्या तीन हजारांवर माणसांनी एकच नाव दिलं होतं : खुपेरकरबाई. ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं होती. बाईंना स्वतःला ह्याची कल्पना नव्हती.

बाईंना नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं होतं की आपलं विपुल प्रकाशित लेखन पाहता मुलाखतीची आवश्यकता नाही. बाईंना वाटलं, प्रयोगांच्या पुस्तिकांबद्दल असेल. त्या दिवशी त्या जरा खूशच होत्या. खुपेरकरांनी ते पत्र वाचून घडी घातली आणि चष्मा पुसायला घेतला. त्यांना मनात कुठेतरी टोचलं होतं, पण त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पहिला दणका विलास गुरवच्या रूपाने आला. विलासची कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती आणि त्याची नि खुपेरकरांची शाळेपासूनची दोस्ती. तो पिठाने पांढरा झालेला तसाच दारात येऊन उभा राहिला. वस्तीतल्या गिरण्या गावाबाहेर हलवाव्यात का, ह्या प्रश्नावर विलासच्या छायेने 'हलवाव्यात' असं मत दिलं होतं.

"माझीच गिरन, आन् मीच म्हनतोय हलवा," विलास म्हणाला. "ते यंत्र म्हनतंय, तुमचं पेपरात पत्र हाय. मी जल्मात कवा पत्र लिवलं रं?"

खुपेरकरांना ते पत्र आठवलं. नऊ वर्षांपूर्वी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली होती. गिरणीवाल्याने स्वतःच आवाजाची कबुली दिली तर वजन पडेल असं त्यांना वाटलं, म्हणून खाली सही केली होती : विलास गुरव, गिरणीचालक. ह्यात आपण काही गैर करतोय असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं. 'सुबोध'चा नियमच तसा होता. एका वाचकाचं पत्र पंधरा दिवसांतून एकदाच छापत, आणि खुपेरकरांना मतं रोज होत. तेव्हा मेहुणा, मामा, ऑफिसातला शिपाई, ज्याचं नाव हाताला लागेल ते घ्यायचं. पत्रलेखकांत ही रीतच होती, सगळेच करत. नियमाप्रमाणे पूर्ण नाव आणि पत्ता मात्र खरा द्यायचा. खोटा पत्ता द्यायला त्यांचं मन धजत नसे.

त्यांनी विलासला यंत्राचा दोष आहे असं सांगितलं, चहा पाजला आणि यंत्रांच्या बेजबाबदारपणावर एक सणसणीत पत्र लिहायला बसले. दोन परिच्छेद झाल्यावर त्यांचा हात थांबला. विलासच्या नावावर एकच पत्र होतं. मग शैलजाच्या?

शैलजाच्या नावावर त्रेसष्ट होती.

झालं होतं असं. खुपेरकर पत्र लिहीत आणि त्याला कोणी उत्तर देत नसे. पंधरा दिवस ते वाट बघत. शेवटी त्यांनी स्वतःच एक विरोधक उभा केला आणि त्याला बायकोचं माहेरचं नाव दिलं : शैलजा दत्तात्रय शेटे. शेटेबाईंनी लिहायचं की विज्ञान मराठीतून शिकवणं म्हणजे मुलांचे पाय बांधणं. मग खुपेरकरांनी त्यांचा खरपूस समाचार घ्यायचा. शेटेबाईंनी गल्लीगल्लीत कॅमेरे मागायचे, प्रयोगांची जागा पडद्याने घ्यावी म्हणायचं, मुलांच्या हाती आम्लाच्या बाटल्या देणाऱ्या शिक्षकांना आवरा म्हणायचं. खुपेरकरांनी त्यांना पुढच्या पंधरवड्यात धूळ चारायची. ही जुगलबंदी सतरा वर्षं रंगली. शेटेबाई कोण हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. यंत्राने मात्र 'सुबोध'च्या दप्तरातला पत्ता पाहिला, विवाहनोंदणी पाहिली आणि दोन्ही बायका एकत्र केल्या.

सोमवारी रोजच्या अठरांतल्या अकराव्या प्रश्नाचा निकाल लागला. पंपघरातलं प्रयोगघर बंद करून तिथे बोलती भिंत बसवावी का, असा प्रश्न होता. बोलती भिंत म्हणजे मुलाने काहीही विचारावं आणि भिंतीने जगातल्या कुठल्याही भाषेत उत्तर द्यावं. नळ्या फुटायची भीती नाही, हात भाजायची नाही. बंद करावं : तीन हजार चारशे बारा. करू नये : सहाशे आठ. पंपघर पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं.

बाई घरी आल्या, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडत बसल्या. खुपेरकर दाराशी घुटमळत म्हणाले की छायांचा काही भरवसा नसतो, हरकत घ्यावी, शनिवारपर्यंत मुदत आहे. बाईंनी मान हलवली.

"माझ्याच मुलांनी मतं दिलीत," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलंय त्यांना, अंदाज स्वतःचा सांगा म्हणून. त्यांनी सांगितला. मला वाईट वाटलं म्हणून तो चूक ठरत नाही."

आणि मग त्यांनी मेथीची जुडी तशीच बाजूला सारली आणि पदराने डोळे टिपले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात खुपेरकरांनी त्यांना मोजून तीनदा रडताना पाहिलं होतं. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी नीट कळलं : शेटेबाईंच्या पत्रांवरून बनलेली छाया बाईंच्या नावाने 'बंद करा' म्हणाली होती, आणि तिला विचारून तीन हजार छायाही.

सांगावं तर रविवारची शाल गेली, अब्रू गेली. न सांगावं तर प्रयोगघर गेलं, आणि आपली मुलं आपल्याला सोडून गेली असं ही बाई मरेपर्यंत मानणार. दोन दिवस ते ह्या विचारात घरभर फिरले. ह्या विषयावर त्यांनी कोणाला पत्र लिहिलं नाही. बुधवारी दुपारच्या चहाला त्यांनी कपाटावरची जुनी पेटी खाली काढली, कात्रणांची फाइल बायकोपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी एवढंच विचारलं की किती आहेत. मग त्यांनी प्रयोगघराला सुट्टी असल्याचा निरोप धाडला, लाल पेन घेतलं आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्रं वाचून काढली. मध्येच त्या समासात काहीतरी लिहीत. खुपेरकर समोर बसून होते, वही तपासून घ्यायला आलेल्या मुलासारखे.

"चार पत्रांतलं मत मला मान्य आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "बाकी एकोणसाठांत ही बाई मूर्ख आहे. तुम्हाला मूर्ख बाई हवी होती, म्हणजे तुम्हाला जिंकता यावं."

"तसं नव्हतं मनात," खुपेरकर पुटपुटले.

"मी इथे ह्याच टेबलाच्या पलीकडे बसलेली असायचे. मला विचारलं असतं तर मी फुकटात विरोध केला असता." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता हे मी नाही सांगणार. तुम्हीच तिथे जाऊन सांगा."

हरकतींची सुनावणी शुक्रवारी सकाळी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. मतनोंदणी अधिकारी नाझनीन मुजावर ही बाईंचीच विद्यार्थिनी. बाई आत आल्या तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली आणि त्या मागच्या बाकावर बसेपर्यंत उभीच राहिली. विलास गुरवही गिरणी बंद ठेवून आला होता. खुपेरकरांनी कबुली दिली. कधी नव्हे ते त्यांचं बोलणं चार वाक्यांत आटोपलं.

नाझनीनने नम्रपणे सांगितलं की नुसत्या कबुलीवर छाया रद्द करता येत नाही, कारण बायकोसाठी नवरा खोटंही बोलू शकतो. हातोटीची तपासणी करावी लागेल. माणूस किती लांब वाक्यं लिहितो, 'परंतु' लिहितो की 'पण', रागावला की कोणता शब्द दोनदा लिहितो, ह्यावरून लिहिणारा हात ओळखता येतो. तिने 'सुबोध'चं तीस वर्षांचं सदर यंत्राला दिलं आणि सगळे पडद्याकडे बघत बसले.

यंत्राने शैलजा शेटे आणि रमाकांत खुपेरकर हा एकच हात असल्याचं सांगितलं. तिथे ते थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला सगळं सदर दिलेलं होतं, त्यामुळे पडद्यावर एकामागून एक नावं उमटायला लागली. चौदा नावं, तीनशे अठ्ठ्याऐंशी पत्रं. मेहुणा, शिपाई, दोन शेजारी, गिरणीचालक. गोविंदमामांची अकरा पत्रं त्यांच्या निधनानंतरच्या तीन वर्षांतली होती, आणि त्यांतल्या एकात त्यांनी आपल्या प्रकृतीची तक्रार केली होती. ज्या सालात 'विज्ञानाची भाषा कोणती' ह्या वादाने जिल्हा ढवळून निघाला असं 'सुबोध'ने लिहिलं होतं, त्या वादातल्या सव्वीस पत्रांपैकी बावीस खुपेरकरांची होती. सगळ्यांचा शेवट एकच होता : संबंधितांनी ह्याची नोंद घ्यावी.

सभागृहात सगळ्यांत आधी विलास गुरव हसायला लागला. "म्हंजे तीस वरसं गाव काय म्हनतंय म्हनून आमी वाचत हुतो," तो डोळे पुसत म्हणाला, "त्ये सगळं ह्योच म्हनत हुता व्हय."

नाझनीनने हसू आवरलं. "काका, ह्यातली निम्मी पत्रं तुम्ही तुम्हालाच लिहिलेली उत्तरं आहेत."

"दुसरं कोणी लिहीत नव्हतं गं," खुपेरकर म्हणाले.

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. मागच्या बाकावर बाईंनी पर्स उघडली आणि उगाच बंद केली.

मग नाझनीनने निर्णय सांगितला. बाईंची छाया रद्द. बाईंनी आत्ता इथेच आपलं खरं मत सांगितलं तर ते नोंदवता येईल. विश्वासदुवे जोडलेलेच आहेत, तीन हजारांवर मतं आपोआप ह्या बाजूची त्या बाजूला जातील आणि पाच मिनिटांत प्रयोगघर वाचेल. ती आनंदाने बटणावर बोट ठेवून थांबली. खुपेरकरांचा जीव भांड्यात पडला.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांना हे मान्य नाही.

"परवापर्यंत माझ्या तोंडून हे बोलत होते," त्या खुपेरकरांकडे बघत म्हणाल्या. "आता तीन हजार जणांच्या तोंडून मी बोलू? माझे दुवे तोडून टाक, नाझनीन. ज्याला त्याला बोलावून विचार. प्रयोगघर गेलं तर जाऊ दे."

नाझनीनने समजावून पाहिलं, खुपेरकरांनी हात जोडले, पण बाईंनी तीस वर्षं वर्ग सांभाळला होता, त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही.

रविवारी पत्रभूषणाचा समारंभ झाला नाही. संपादकांनी 'अपरिहार्य कारणास्तव' एवढंच छापलं. त्याच रविवारी आणि सोमवारी पंपघराच्या दारात मतपेटी ठेवली गेली आणि ज्याने त्याने स्वतः येऊन मत द्यायचं ठरलं. गाव मोठं, पण आले एक हजार शेहेचाळीस. खुपेरकर दोन्ही दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्यांचे चेहरे वाचत होते आणि त्यांना एकाचंही मत ओळखता येत नव्हतं. एकेकाळी बाईंच्या वर्गात पहिला येणारा विद्यार्थी मत देऊन बाहेर आला, बाईंच्या पाया पडला आणि म्हणाला की मी भिंतीच्या बाजूने दिलंय, माझी मुलगी घाबरते आम्लाला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मुलीला एकदा घेऊन ये म्हणाल्या.

प्रयोगघर ठेवावं : पाचशे एक्केचाळीस. बंद करावं : पाचशे पाच. छत्तीस मतांनी ते वाचलं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवल्या, कारण पाचशे पाच माणसं उगाच घाबरत नसतात असं त्यांचं म्हणणं पडलं. विलासने मुलाखत नव्याने दिली, गिरणी बंद करून, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायला लावून. 'सुबोध'मधलं 'वाचक लिहितात' पुढच्या आठवड्यापासून अर्ध्या रकान्यावर आलं आणि उरलेल्या जागेत कोडं छापायला लागले.

बाईंनी आपल्याला छाया नको असं लिहून दिलं. रोजचे अठरा प्रश्न त्या सकाळी चहाबरोबर स्वतः सोडवू लागल्या. मात्र दोनशे प्रश्नांची ती मुलाखतीची प्रश्नपत्रिका त्यांनी नाझनीनकडून मागून आणली, आणि रद्द झालेल्या छायेची उत्तरंही. दोन दुपारी बसून त्यांनी आपली उत्तरं लिहिली आणि कागद उलटा करून ठेवला. मग कोरी प्रश्नपत्रिका नवऱ्यापुढे सरकवली.

"माझं मत काय असेल? आधी तुमचा अंदाज सांगा."

खुपेरकर बाह्या सरसावून बसले. एक्केचाळीस वर्षांचा संसार होता, हे त्यांना डाव्या हातचं वाटलं. मुलांना फोन कोणत्या वर्षी द्यावा, यंत्राने रोगाचं निदान केलं तर डॉक्टरची सही हवी का, मेलेल्या माणसाचा आवाज वापरायचा हक्क कोणाचा, परक्या शब्दाला मराठी शब्द शोधावा की तोच वापरावा. ते भराभर लिहीत गेले. बाईंनी लाल पेनाने तपासलं, बेरीज केली आणि आकड्याभोवती गोल काढला. दोनशेपैकी एकाहत्तर.

"आणि यंत्राला किती?" खुपेरकरांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"अठ्ठावन्न."

"म्हणजे मी तेराने जास्त," असं म्हणून ते किंचित सावरले. मग त्यांची नजर परत कागदावरच्या लाल फुल्यांवर गेली. ओळीने फुल्या होत्या, पानामागून पान. ज्या बाईबरोबर त्यांनी चौदा हजार वेळा सकाळचा चहा घेतला होता, ती त्या फुल्यांच्या पलीकडे बसलेली होती आणि तिला काय वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग, खूप वर्षांत वाटली नव्हती अशी उत्सुकताही वाटली.

"शैलजा," ते म्हणाले, "ह्या बाकीच्यांत तुला काय वाटतं?"

"एकशे एकोणतीस आहेत," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल."

खुपेरकरांनी खिशातलं पेन काढलं आणि सवयीने टेबलावरची वही पुढे ओढली. बाईंनी ती त्यांच्या हाताखालून काढून घेतली आणि मिटून बाजूला ठेवली.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं ऐका."